नळीमाशाला नाव कसं लावायचं: कड्यांपासून कंसापर्यंत

बडोद्याला समुद्र नाही, त्यामुळे इथे नळीमासा (इंग्रजीत पाइपफिश) बहुतेक वेळा काचेच्या बरणीतूनच हाती येतो. बरणीवरची चिठ्ठी पिवळी पडलेली असते आणि तिच्यावर 'सिन्ग्नॅथस, जात अनिश्चित' एवढंच असतं. कधी तेही नसतं. ती चिठ्ठी पूर्ण आणि बिनचूक कशी लिहायची, ते इथे दिलं आहे. प्राणिशास्त्राचे विद्यार्थी, कॉलेजचा संग्रह सांभाळणारे शिक्षक आणि जामनगरकडे ओहोटीला फिरून फोटो आणणारे हौशी अभ्यासक, तिघांनाही ते वापरता येईल.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. चुकीचं नाव लागतं तेव्हा गफलत बहुतेकदा मोजणीत झालेली असते. लोक रंग पाहतात, सोंडेची लांबी पाहतात, पुस्तकातल्या चित्राशी जुळवतात आणि मोकळे होतात. नळीमाशाच्या बाबतीत रंग आणि सोंड ही सर्वांत कच्ची साक्ष. पक्की साक्ष त्याच्या चिलखतावर असते.

हात लावण्याआधी

नळीमासे, समुद्री घोडे आणि सागरी ड्रॅगन हे सगळे सिन्ग्नॅथिडी या एकाच कुलातले. भारतात २००१ पासून या कुलाला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचीत जागा मिळाली. २०२२ च्या दुरुस्तीत अनुसूचींची मांडणी बदलली आहे, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी सध्याचा मजकूर वाचून घ्या. मेलेला, वाळलेला, जाळ्यात आपोआप आलेला असला तरी मासा उचलून घरी आणायचा नाही. त्याला वनखात्याची परवानगी लागते. जामनगरजवळचं सागरी राष्ट्रीय उद्यान तर १९८२ पासून संरक्षित आहे. तिथे फक्त फोटो. सराव करायचा तो कॉलेजच्या जुन्या बरण्यांवर, आणि त्या पुरेशा आहेत.

शब्दांचा घोळ

या मजकुरात कुल म्हणजे फॅमिली, प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज. वर्तमानपत्रांत 'नवी प्रजाती सापडली' असं सर्रास छापतात, तेव्हा त्यांना जात म्हणायची असते. हिंदी पुस्तकांत जीनसला 'वंश' आणि स्पीशीजला 'प्रजाति' म्हणतात. बडोद्याच्या घरात मराठी, कॉलेजात इंग्रजी-गुजराती आणि संदर्भ हिंदी, अशी स्थिती असल्यामुळे एकाच वहीत तिन्ही अर्थ घुसतात. वहीच्या पहिल्या पानावर हे तीन शब्द ठरवून टाका आणि मग बदलू नका.

गणाचं, म्हणजे कुलाच्या वरच्या पायरीचं (ऑर्डर), नावही पुस्तकागणिक वेगळं दिसेल. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्सिस डेच्या ग्रंथात हे मासे 'लोफोब्रँची' म्हणजे झुबकेदार कल्ल्यांचे मासे या गटात आहेत. विसाव्या शतकाच्या अखेरच्या पाठ्यपुस्तकांत त्यांना स्टिकलबॅक माशांच्या जोडीनं गॅस्टरॉस्टिफॉर्मिस गणात घातलेलं सापडेल. डीएनएच्या अभ्यासानं ती जोडी मोडली आणि आता गण सिन्ग्नॅथिफॉर्मिस आहे. जुनं पुस्तक हाती असेल तर गणाचं नाव तेवढं दुरुस्त करून घ्या. माशाच्या शरीराचं वर्णन मात्र जुन्या पुस्तकांतही उत्तम असतं.

हा नळीमासाच आहे ना?

लांब आणि बारीक दिसला की नळीमासा, असं होत नाही. नीडलफिशचे जबडे लांब आणि दातांनी भरलेले असतात. नळीमाशाला दात नसतात आणि सोंडेच्या टोकाला इवलंसं तोंड असतं. सिन्ग्नॅथस हे नावच ग्रीक 'सिन' म्हणजे एकत्र आणि 'ग्नॅथोस' म्हणजे जबडा यांवरून आलं आहे. कॉर्नेटफिश आणि ट्रम्पेटफिश याच गणातले असले तरी कुलं वेगळी. खरी फसवणूक घोस्ट पाइपफिश करतो. त्याला पोटाकडचे मोठे पर असतात, पाठीवर दोन पर असतात आणि अंडी मादी सांभाळते. नळीमाशाला पोटाकडचे पर कधीच नसतात, पाठीवर पर असलाच तर एकच, आणि अंडी नेहमी नर सांभाळतो. पोटाकडे परांची जोडी दिसली की थांबा, तो या कुलातला नाही.

सामान

दहा ते चाळीस पट मोठं दाखवणारा स्टिरिओ सूक्ष्मदर्शक, ०.१ मिलिमीटर मोजणारा कॅलिपर, दोन बारीक सुया, टिपकागद, काळा आणि पांढरा असे दोन ट्रे, आणि एका बाजूनं तिरपा प्रकाश टाकता येईल असा दिवा. दिवा समोरून किंवा वरून सरळ टाकला तर चिलखतावरचे कंगोरे सपाट दिसतात आणि पुढचं सगळं चुकतं. अल्कोहोलमधून काढलेला मासा टिपकागदानं हलकेच टिपून घ्या. पृष्ठभाग ओलसर असेपर्यंत चकाकीमुळे कड्यांच्या सीमा दिसत नाहीत. अर्ध्या मिनिटात तो सुकू लागला की त्या उठून दिसतात. रबरी फुग्यानं हवेचा झोत मारला तर आणखी स्पष्ट. पण मासा पाच मिनिटांपेक्षा जास्त उघडा ठेवू नका, परांचे काटे, म्हणजे पर ताणून धरणाऱ्या बारीक काड्या, आखडून तुटतात.

पिशवी कुठे आहे

नराची अंडी सांभाळायची जागा आधी पाहा. जर्मन अभ्यासक गेऑर्ग डुंकर यानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या कुलाचे दोन मोठे गट याच खुणेवर पाडले: धडाखाली अंडी वाहणारे आणि शेपटीखाली वाहणारे. पुढे डीएनएनंही ही विभागणी ढोबळमानानं मान्य केली. धडाखाली वाहणारे ते नेरोफिनी उपकुल, शेपटीखाली वाहणारे ते सिन्ग्नॅथिनी.

नेरोफिस, डोरिऱ्हॅम्फस, डंकरोकॅम्पस, मायक्रोफिस आणि सिन्ग्नॅथॉइडेस यांची अंडी धडाखाली. सिन्ग्नॅथस, हिप्पिक्थिस, कोरिथॉइक्थिस, ट्रॅकिऱ्हॅम्फस आणि समुद्री घोडे यांची शेपटीखाली. सिन्ग्नॅथॉइडेसमध्ये अंडी पोटाला नुसती चिकटवलेली असतात, वर झाकण नसतं. हिप्पिक्थिसमध्ये दोन्ही बाजूंनी कातडीचे पडदे येऊन पिशवी बंद होते.

हातात मादी किंवा पिल्लू असेल तर ही खूण मिळणार नाही. तेव्हा 'पिशवी नाही' असं लिहू नका, 'पिशवी दिसत नाही' असं लिहा. पहिल्या वाक्याचा अर्थ वाचणारा वेगळा घेईल.

कंगोरे: इथे सावकाश

नळीमाशाचं अंग हाडांच्या कड्यांनी वेढलेलं असतं आणि त्या कड्यांवरून डोक्याकडून शेपटीकडे कंगोरे जातात. बहुतेक प्रजातींत धडावर प्रत्येक बाजूला तीन कंगोरे असतात, वरचा, मधला आणि खालचा. शिवाय पोटाच्या मध्यरेषेवर एक. म्हणजे धड आडवं कापलं तर सात कोन. डच अभ्यासक ब्लीकरनं १८४९ मध्ये हिप्पिक्थिस हेप्टॅगोनस हे नाव दिलं, त्यातल्या 'हेप्टॅगोनस'चा अर्थच सात कोनांचा. शेपटीवर मात्र प्रत्येक बाजूला दोनच कंगोरे उरतात आणि तिचा छेद चौकोनी होतो.

मग तीनाचे दोन होताना काय होतं? प्रजाती ओळखण्याचं मर्म याच सांध्यात आहे. सुई घ्या, डाव्या बाजूनं छातीच्या पराजवळून सुरुवात करा आणि एकेक कंगोरा सुईच्या टोकानं, न दाबता, मागे नेत चला. तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची आहेत. धडाचा वरचा कंगोरा शेपटीच्या वरच्या कंगोऱ्याला अखंड मिळतो, की पाठीच्या पराच्या शेवटाजवळ तुटून दुसरा सुरू होतो? धडाचा खालचा कंगोरा शेपटीच्या खालच्यात जातो, की गुदद्वाराच्या कड्यावर संपतो? आणि मधला कंगोरा गुदद्वाराजवळ विरतो, की वळून शेपटीच्या एखाद्या कंगोऱ्याला जाऊन मिळतो?

सिन्ग्नॅथसमध्ये वरचा तुटलेला, खालचा अखंड, आणि मधला गुदद्वाराच्या कड्याजवळ संपलेला. हिप्पिक्थिसमध्येही वरचा तुटलेलाच. पण खालचा गुदद्वाराच्या कड्यावर थांबतो आणि त्याची जागा मधला घेतो, तो शेपटीच्या खालच्या कंगोऱ्यात विलीन होतो. दोन्ही मासे टेबलावर शेजारी ठेवले तर लांबी, रंग, सोंड सगळं सारखं वाटू शकतं. एवढ्या एका वळणानं ते वेगळ्या प्रजातींत जातात. भारतीय खाड्यांमधले 'सिन्ग्नॅथस' म्हणून जुन्या याद्यांत आलेले कितीतरी मासे प्रत्यक्षात हिप्पिक्थिस आहेत, ते याच कारणानं. कॉलेजच्या बरणीवर 'सिन्ग्नॅथस' दिसलं तर पहिली शंका हीच घ्या.

कंगोऱ्यांचं हे चित्र शब्दांपेक्षा रेघांनी लिहिणं बरं. वहीत तीन आडव्या रेघा काढा, सांध्याची उभी रेघ मारा आणि जे दिसलं ते ओढा. उजव्या बाजूचं वेगळं काढा. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर मासा पूर्वी जखमी झालेला असू शकतो. त्या नमुन्यावरून निर्णय घेऊ नका.

कडी मोजणं

कड्यांचा आकडा दोन भागांत लिहितात, आधी धडाची आणि मग शेपटीची: समजा १५ + ३९. मोजायचं कुठून कुठपर्यंत याचा संकेत ठरलेला आहे आणि तो पाळला नाही तर तुमचा आकडा कोणाच्याही आकड्याशी जुळणार नाही.

धडाचं पहिलं कडं म्हणजे छातीच्या पराचं मूळ ज्यावर आहे ते. शेवटचं म्हणजे गुदद्वार ज्यावर आहे ते, आणि तेही धडातच धरायचं. त्याच्या मागचं कडं शेपटीचं पहिलं. शेपटीचं शेवटचं मोजायचं कडं म्हणजे टोकाच्या आधीचं. ज्या हाडाच्या तुकड्यावर शेपटीचा पर बसतो तो मोजायचा नाही. चुका या दोन टोकांवरच होतात. कोणी छातीच्या परामागून सुरुवात करतो आणि एक कमी येतो. कोणी गुदद्वाराऐवजी त्याच्या मागचा चिमुकला गुदपर सीमा धरतो, तेव्हा धडात एक वाढतो आणि शेपटीत एक घटतो. बेरीज बरोबर आणि दोन्ही आकडे चूक, म्हणून ही चूक पकडायला सगळ्यांत अवघड.

मोजताना दर पाचव्या कड्याशेजारी टिपकागदावर पेन्सिलीची खूण करा. तीनदा मोजा, एकदा शेपटीकडून उलट. तिन्ही आकडे लिहून ठेवा, सरासरी काढू नका. कडी पूर्णांकातच असतात.

शेपटीचं टोक तुटलेलं असेल तर शेपटीचा आकडा निरुपयोगी. टोक गोलसर, परविरहित आणि कडी अचानक लहान झालेली दिसली तर तुटून भरून आलेलं समजा आणि आकड्यापुढे अधिकचं चिन्ह टाका, '२८+' असं. ट्रॅकिऱ्हॅम्फसच्या बाबतीत सावध राहा: मोठ्या माशांत शेपटीचा पर अगदी खुरटा असतो किंवा गळूनच गेलेला असतो. सिन्ग्नॅथॉइडेसला तर शेपटीचा पर नसतोच, शेपूट वळवून समुद्रगवताला विळखा घालायला वापरतो.

पाठीचा पर किती कड्यांवर पसरला आहे हेही लिहायचं, पाव कड्यापर्यंत अचूक: धडाच्या दीड कड्यावर आणि शेपटीच्या पाच कड्यांवर असेल तर १.५ + ५. नंतर परांचे काटे: पाठीचे, छातीचे, गुदपराचे, शेपटीचे. काटे टोकाला मोजू नका, मुळाशी मोजा, आणि ट्रेखालून प्रकाश द्या.

मापांत प्रमाण लांबी (सोंडेच्या टोकापासून शेपटीच्या पराच्या मुळापर्यंत), डोक्याची लांबी, सोंडेची लांबी आणि सोंडेची सर्वांत कमी उंची एवढी पुरतात. ती गुणोत्तरांत मांडायची, डोकं प्रमाण लांबीत किती वेळा बसतं, सोंड डोक्यात किती वेळा. पिल्लाची सोंड वाढीबरोबर बदलते, म्हणून लहान माशाचं गुणोत्तर मोठ्याच्या वर्णनाशी ताडून पाहू नका. शेवटी कल्ल्याच्या झाकणावरचा कंगोरा पाहा: पूर्ण लांबीचा आहे, अर्धवट आहे की मुळीच नाही. मायक्रोफिसमध्ये तो पूर्ण असतो.

इंडो-पॅसिफिक माशांसाठी चार्ल्स डॉसन याचा १९८५ चा ग्रंथ अजूनही आधार आहे आणि त्याची किल्ली, म्हणजे एकेक खूण विचारत नावापर्यंत नेणारी प्रश्नमालिका, याच खुणांवर चालते: कंगोरे, पिशवी, कडी, पर. किल्ली वापरून आलेलं नाव हा अंदाज समजा. त्या जातीचं पूर्ण वर्णन काढून आपले सगळे आकडे दिलेल्या मर्यादेत बसतात का ते बघा. एक आकडा बाहेर गेला तर आधी तो पुन्हा मोजा, नाव बदलायला नंतर निघा.

नाव लिहिणं

आता मासा ओळखला. नाव आजही तेच आहे का, हे कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या एश्मायर कॅटलॉगमध्ये जातीचं दुसरं पद घालून पाहा. प्रजातीचं पद घालून शोधू नका, कारण तेच बदललेलं असण्याची शक्यता असते. कॅटलॉग मूळ नाव, मूळ शब्दलेखन, वर्ष आणि आजचं नाव देतो. नावांचे नियम आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेच्या चौथ्या आवृत्तीचे. ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे.

नावामागे लेखक आणि वर्ष येतं, आणि कंस शोभेसाठी नसतो. पहिल्या वर्णनानंतर जात दुसऱ्या प्रजातीत गेली असेल तरच लेखक-वर्ष कंसात. डोरिऱ्हॅम्फस एक्सायसस काउप, १८५६: काउपनं याच प्रजातीत वर्णन केलं, कंस नाही. हिप्पिक्थिस स्पायसिफर (र्‍युपेल, १८३८): मूळ नाव सिन्ग्नॅथस स्पायसिफर, म्हणून कंस. सिन्ग्नॅथॉइडेस बायअ‍ॅक्युलिएटस (ब्लॉख, १७८५) हाही तसाच. मायक्रोफिस कुन्कालस (हॅमिल्टन, १८२२) गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या हॅमिल्टनच्या ग्रंथातून आला, तोही सिन्ग्नॅथस म्हणूनच. लिनेयसच्या 'सिस्टेमा नॅचुरी'च्या १७५८ च्या आवृत्तीत तर समुद्री घोडासुद्धा सिन्ग्नॅथस होता. राफिनेस्कनं १८१० मध्ये त्याची वेगळी प्रजाती केली. कंस गाळला तर वाचणाऱ्याला वाटतं की मूळ वर्णन याच नावाखाली मिळेल, आणि तो चुकीच्या पानावर शोधत बसतो.

दुसऱ्या पदाचं लिंग हा सर्वांना अवघड जाणारा भाग. पद विशेषण असेल तर ते प्रजातीच्या लिंगाप्रमाणे बदलतं. नाम असेल तर बदलत नाही. कोणाच्या नावावरून षष्ठीत आलेलं असेल तरीही बदलत नाही. स्टिग्मॅटोपोरा या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडच्या एकाच प्रजातीत तिन्ही उदाहरणं मिळतात. ती स्त्रीलिंगी, म्हणून स्टिग्मॅटोपोरा नायग्रा, काळी, 'नायजर' नव्हे. स्टिग्मॅटोपोरा आर्गस मात्र आर्गसच राहतो, कारण शंभर डोळ्यांचा तो पुराणातला राक्षस, नाम. आणि २०२० मध्ये वर्णन झालेली स्टिग्मॅटोपोरा हॅरास्टिआय ही डेव्हिड हॅरास्टी यांच्या नावावरून, षष्ठीत.

नळीमाशांच्या बाकी बहुतेक प्रजाती पुल्लिंगी आहेत, आणि त्यातही एक गंमत आहे. ग्रीकमध्ये 'ग्नॅथोस' स्त्रीलिंगी आणि चोचीचा 'ऱ्हॅम्फोस' नपुंसकलिंगी. पण लॅटिन पद्धतीनं शेवट 'अस' केला की संहितेप्रमाणे नाव पुल्लिंगी होतं. म्हणून ट्रॅकिऱ्हॅम्फस सेराटस, 'सेराटा' नाही. शब्दकोशात ग्रीक लिंग पाहून नाव 'सुधारायला' जाऊ नका. तसंच हिप्पिक्थिस सायनोस्पिलोस हे ब्लीकरचं १८५४ चं मूळ लेखन. काही याद्यांत शेवटी 'स्पिलस' दिसतं, ते घ्यायचं नाही.

नाव लॅटिन अक्षरांतच अधिकृत असतं, म्हणून बरणीतल्या चिठ्ठीवर ते लॅटिन अक्षरांत आणि तिरप्या वळणानं. हातानं लिहिताना खाली रेघ. मराठी लेखात देवनागरी उच्चार चालतो, फक्त एकदा निवडलेला उच्चार शेवटपर्यंत तोच ठेवा.

चिठ्ठी

पेन्सिल किंवा न फिकी होणारी शाई, जाड सुती कागद, आणि चिठ्ठी बरणीच्या आत. बाहेर चिकटवलेली पडते. नावाआधी ठिकाण, तारीख, खोली आणि कशात सापडला ते लिहा. सयाजीबागेतल्या संग्रहालयातला निळ्या देवमाशाचा सांगाडा १९४४ मध्ये मही नदीच्या मुखाशी लागलेल्या प्राण्याचा आहे, हे माहीत असल्यामुळेच तो नुसती मोठी हाडं न राहता आपल्या आखाताची नोंद ठरतो. बोटाएवढ्या नळीमाशालाही तेच लागू. मग नाव, लेखक-वर्ष, ओळखणाऱ्याचं नाव आणि ओळखल्याचं साल. जुनी चिठ्ठी चुकीची असली तरी फेकायची नाही. नवी तिच्यासोबत ठेवायची.

परवानगीनं आलेला ताजा नमुना असेल तर आधी डाव्या बाजूचा फोटो, मोजपट्टीसह. अल्कोहोलमध्ये रंग जातो. नंतर उजव्या बाजूचा स्नायूचा लहान तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये डीएनएसाठी. मगच मासा फॉर्मेलिनमध्ये, बाजारी फॉर्मेलिन एक भाग आणि पाणी नऊ भाग, हातमोजे घालून आणि खिडकी उघडी ठेवून. चिलखतामुळे द्रव आत उशिरा शिरतो, म्हणून उजव्या बाजूला बारीक चीर द्या. पुढे पाण्यात धुऊन ७० टक्के अल्कोहोल. क्रम उलटा झाला तर फॉर्मेलिन डीएनए खराब करतं आणि तो तुकडा घेऊन उपयोग नसतो.

जुळलंच नाही तर

सगळं पुन्हा मोजूनही वर्णन जुळत नसेल तर लगेच 'नवी जात' म्हणू नका. जुन्या समानार्थी नावांची सगळी मूळ वर्णनं आधी वाचा. तुमचा मासा दीडशे वर्षांपूर्वी वर्णन होऊन विसरला गेलेला असू शकतो. खरंच नवी निघाली तर प्रसिद्ध झालेल्या वर्णनात ती नवी असल्याचं स्पष्ट म्हणावं लागतं, एक होलोटाइप, म्हणजे नाव ज्याच्याशी बांधलं जातं तो एकच नमुना, ठरवून तो कुठे ठेवला ते सांगावं लागतं, आणि प्रकाशन फक्त ऑनलाइन असेल तर झूबँक या प्राणिनावांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंदणी झाल्याचं त्यातच छापावं लागतं. भारतात जैवविविधता अधिनियम, २००२ प्रमाणे नव्या जातीची माहिती आणि नमुना ठरवून दिलेल्या संग्रहालयाकडे द्यावा लागतो. प्राण्यांसाठी कोलकात्याचं भारतीय प्राणी सर्वेक्षण हे त्यातलं प्रमुख.

तोपर्यंत बरणीत प्रजातीचं नाव, 'जात अनिश्चित', आणि त्याखाली कंगोऱ्यांची आकृती, कडी, पाठीच्या पराखालची कडी, परांचे काटे आणि कोणत्या वर्णनाशी कुठला आकडा जुळला नाही, एवढं सगळं लिहून ठेवा. पुढच्या माणसाला मासा पुन्हा बाहेर काढावा लागणार नाही.